छावणीचें दार आणि ओळखीचें यंत्र

ठाण्याहून भिवंडीकडे येणाऱ्या रस्त्यावर कशेळी, काल्हेर मागें टाकलें कीं आमचें पूर्णा गांव लागतें. एके काळीं भातशेतीचा असलेला हा पट्टा आज गोदामांनीं इतका भरून गेला आहे कीं, मुंबईच्या घरोघरीं जाणाऱ्या पुष्कळ मालास आधीं आमच्या शिवेवर मुक्काम करावा लागतो. या गोदामांच्या दाराशीं पूर्वीं एक रखवालदार, एक बाकडें व एक वही एवढाच सरंजाम असे. येणाऱ्यानें नांव, गांव व काम लिहावें, सही करावी आणि आंत जावें. आतां बऱ्याच ठिकाणीं वहीच्या जागीं यंत्र आलें आहे. हमालानें बोट टेकावें किंवा कारकुनानें गळ्यांतील बिल्ला दाखवावा, यंत्रानें हिरवा दिवा लावावा, आणि मगच आडवा दांडा बाजूस व्हावा, असा क्रम रूढ होत चालला आहे.

हें नित्य पाहण्यांत असल्यामुळें आमच्या परिचयाच्या घरांतून एक प्रश्न वारंवार निघतो. कोणाचा मुलगा मुंबईस आरमाराच्या गोदींत ठेकेदाराकडे कामास असतो, कोणाचा जांवई देहूरोडास, तर कोणाची पुतणी अंबरनाथच्या आयुधांच्या कारखान्यांत. कापडाच्या गांठी व डबे यांच्या वखारीस जें यंत्र पुरतें, तें दारूगोळ्याच्या कोठारास आणि लष्कराच्या छावणीस कां पुरूं नये? रखवालदार डुलकी घेतो, ओळखीपाळखीस भुलतो, मोठ्या मोटारीस सलाम ठोकून न पाहतांच सोडून देतो. यंत्र यांपैकीं कांहींच करीत नाहीं. मग दारावरचा माणूस काढून यंत्रच कां बसवूं नये? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचें उत्तर यंत्राच्या कारखान्यांत शोधण्यापूर्वीं थोडें मागें वळून पाहिलें पाहिजे. कारण मुद्रेवांचून प्रवेश नाहीं हा नियम आजकालचा नव्हे.

महाभारताच्या वनपर्वांत शाल्वानें द्वारकेस वेढा घातल्याची कथा श्रीकृष्णाच्या तोंडून आली आहे. त्या प्रसंगीं नगरांत कोणीं मद्य घेऊं नये अशी दवंडी पिटली गेली. नट, नर्तक व गायक यांस बाहेर काढण्यांत आलें. पूल मोडले, नौका बंद केल्या. आणि मुद्रा असल्यावांचून कोणास बाहेर पडूं द्यावयाचें नाहीं व आंतही घ्यावयाचें नाहीं, असा निर्बंध बसला. पुढें शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसुरास छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत तर हा सगळा कारभार आंकड्यांसह सांपडतो. मुद्राध्यक्षानें एक माषक घेऊन मुद्रा द्यावी. ज्याच्यापाशीं ती असेल त्यानेंच देशांत यावें-जावें. देशांतला मनुष्य मुद्रेवांचून आढळल्यास बारा पण दंड. खोटी मुद्रा वापरील त्यास पूर्वसाहसदंड, आणि तो परकी असेल तर उत्तमसाहसदंड. छावणीच्या प्रकरणांत तंटे, मद्यपान, मेळे व द्यूत बंद करून मुद्रांचा बंदोबस्त ठेवावा असें सांगितलें असून, लेखी आज्ञेवांचून सैन्यांतून परत फिरणाऱ्या शिपायास अटकाव करण्याचीही तरतूद आहे. यांत एक बारकावा आम्हांस विशेष वाटतो. कौटिल्यानें स्वतंत्र अध्यक्ष नेमला तो मुद्रा देण्याच्या कामावर. वाटेवर ती पाहण्याचें काम त्यानें कुरणांच्या अध्यक्षाकडे सोंपविलें. पाहणें हें काम त्या मानानें हलकें, देणें हें जोखमीचें, असेंच त्याच्या मनांत असलें पाहिजे.

या जोखमीचा अर्थ विशाखदत्ताच्या मुद्राराक्षसांत जितका उघड होतो तितका दुसरीकडे क्वचित् होत असेल. शाळेंत हें नाटक लावलें असतां विद्यार्थी चाणक्याच्या धूर्तपणावर लुब्ध होत आणि पांचव्या अंकांतील पहाऱ्याच्या व्यवस्थेकडे कोणाचें लक्ष जात नसे. तिच्याकडे मुद्दाम लक्ष वेधावें लागे. मलयकेतूची छावणी कुसुमपुराजवळ येऊन ठेपली आहे. शहर जवळ आल्यामुळें नियम कडक झाला आहे. भागुरायणाच्या मुद्रेवांचून कोणासही छावणींतून जातां किंवा तिच्यांत येतां येत नाहीं. अशा वेळीं सिद्धार्थक मुद्रा न घेतांच निघतो, पहारेकऱ्यांच्या हातीं सांपडतो, आणि त्याच्यापाशीं राक्षसाच्या मुद्रेनें मोहोरबंद केलेलें पत्र निघतें. तें पत्र चाणक्यानें तयार करविलेलें असतें. मुद्रा मात्र अस्सल राक्षसाचीच, कारण त्याची आंगठी आधींच चाणक्याच्या हातीं लागलेली असते. मलयकेतूची खात्री होते कीं राक्षस फितूर झाला. तो आपल्या पांच मित्रराजांचा घात करवितो, आणि लढाईवांचून त्याचा पक्ष फुटतो.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबून पहारेकऱ्यांचें काय चुकलें याचा विचार करावा. त्यांचें कांहींच चुकलें नाहीं. बिनमुद्रेचा मनुष्य त्यांनीं अडविला, झडती घेतली, वरिष्ठांपुढें नेला. आजचें यंत्र याहून अधिक काय करणार? पण सिद्धार्थकास पकडलें जावयाचेंच होतें. छावणीचा नियम चाणक्यास ठाऊक होता व त्यानें तो नियमच आपल्या कामास जुंपला. याहून भयंकर गोष्ट अशी कीं, मुद्रा देण्याच्या जागेवर बसलेला भागुरायण हा आंतून चाणक्याचाच मनुष्य होता.

नाटकांतील गोष्ट म्हणून कोणीं हें सोडून देऊं नये. इ. स. १६६३ च्या एप्रिलांत पुण्यास लालमहालांत जें घडलें तें इतिहासांत आहे. खाफीखान लिहितो कीं, शाएस्तेखानानें शहराच्या व लष्कराच्या तळाचा कडेकोट बंदोबस्त केला होता. बादशाही चाकरींतील माणसांखेरीज कोणासही, विशेषतः मराठ्यांस, परवान्यावांचून आंत सोडावयाचें नाहीं असा हुकूम होता. मग कोतवालाकडून लग्नाच्या वऱ्हाडाचा परवाना काढण्यांत आला, नवरदेव सजवून वाद्यें वाजवीत एक टोळी आंत आली. दुसरी टोळी पकडलेल्या शत्रूंस दोरांनीं बांधून, शिव्या देत नेत आहों अशा बतावणीनें आली. जदुनाथ सरकारांनीं दिलेल्या हकीकतींत आपण बादशाही फौजेंतलेच दक्षिणी शिपाई असून नेमल्या चौकीवर चाललों आहों, असें पहारेकऱ्यांस सांगितल्याचें आहे. दोहोंपैकीं कोणतीही हकीकत धरा, वर्म एकच. खानाच्या स्वतःच्या फौजेंत मराठे होते. म्हणून चेहरा पाहून, भाषा ऐकून परका ओळखणें अशक्य. उरला परवाना, आणि तो तर रीतसर मिळालेला. त्या रात्रीं खानाचा मुलगा मारला गेला व खानाचीं बोटें तुटलीं. आपण ही कथा महाराजांच्या साहसाकरितां वाचतों, तें योग्यच आहे. पण खानाच्या कोतवालाच्या बाजूनेंही ती एकदां वाचून पाहावी.

पुढें कवायती पलटणी आल्या आणि पहाऱ्याची रीत बदलली. अंधारांतून येणाऱ्यास पहारेकरी इंग्रजींत ‘कोण तेथें येतो’ असें विचारी. त्या इंग्रजी शब्दांचें आपल्या शिपायांनीं ‘हुकुमदार’ करून टाकलें. उत्तरादाखल त्या रात्रीचा ठराविक शब्द सांगावा लागे. इंग्रजी फौजेंतील ‘परोल’ वरून आपण ‘परवल’ केलें, आणि तो परवलीचा शब्द आज मोबाइल वापरणाऱ्या आजीबाईंच्याही तोंडीं आहे! शब्द रोज बदले हें त्या रीतीचें सामर्थ्य. एकानें फोडला कीं सारें संपलें हें तिचें व्यंग.

आजचें चांगल्या प्रतीचें ओळखपत्र हें दोन्ही जुन्या रीतींचा मिलाफ आहे, आणि त्याची करामत समजून घेण्याजोगी आहे. पत्रांत नखाएवढी एक चिप बसविलेली असते. तिच्यांत एक गुप्त संख्या असते व ती कधींही बाहेर येत नाहीं. दाराचें यंत्र दर खेपेस नवें कोडें घालतें; चिप त्या गुप्त संख्येच्या साहाय्यानें त्याचें उत्तर बनविते. त्या संख्येची जोडीदार अशी दुसरी एक उघड संख्या यंत्रापाशीं असते; तिच्या योगें उत्तर खरें कीं खोटें एवढें त्यास पडताळतां येतें, पण तसें उत्तर स्वतः बनवितां येत नाहीं. म्हणजे आंगठी पत्राच्या पोटांतच राहते आणि उमटतो तो केवळ ठसा, तोही दर वेळीं निराळा. राक्षसाची आंगठी अशी असती तर तिचा ठसा पाहून दुसरी घडविणें कोणास साधलें नसतें. पण ती आंगठीच जर हातोहात चाणक्याकडे पोंचली, तर ही विद्याही पांगळी. याकरितां पत्राबरोबर गुप्त आंकडा, बोटाचा ठसा किंवा चेहरा ताडण्याची जोड देतात. सगळींच दारें इतकें कसून पाहत नाहींत हेंही खरें. कित्येक ठिकाणीं पत्रामागील रेघांचें चिन्ह वाचून तो क्रमांक नोंदींशीं जुळतो कीं नाहीं एवढेंच पाहिलें जातें.

अमेरिकेंत २००४ च्या ऑगस्टांत अध्यक्ष बुश यांनीं सरकारी नोकर व ठेकेदार यांच्या ओळखपत्रांचा नमुना एकच असावा असा हुकूम काढला, आणि तेथील लष्करी तळांच्या दारांशीं आतां पत्र यंत्रानें वाचून मध्यवर्ती नोंदींशीं ताडण्याची रीत आहे. या रीतीचा खरा लाभ कोणता असें कोणीं विचारल्यास आम्ही वेगाचें नांव घेणार नाहीं. खरा लाभ आहे तो रद्द करण्याच्या सोयीचा. रखवालदारानें वर्षभर ओळखलेला माणूस काल कामावरून दूर झाला, ही बातमी रखवालदाराकडे कोण पोंचविणार? तो आजही त्यास हंसून आंत सोडील. हरवलेलें, चोरीस गेलेलें किंवा मुदत संपलेलें पत्र दिसण्यांत तर पहिल्यासारखेंच दिसतें. यंत्राच्या नोंदींत मात्र एक खूण बदलली कीं सर्व दारें एकदम बंद होतात. ही गोष्ट कौटिल्याच्या मुद्राध्यक्षास साधण्यासारखी नव्हती.

परंतु ती खूण बदलावयाची कोणीं? वॉशिंग्टन शहरांतील आरमाराच्या आवारांत १६ सप्टेंबर २०१३ रोजीं ठेकेदाराचा एक नोकर सकाळीं कामावर आला. त्याचें ओळखपत्र अस्सल होतें, मुदतींतलें होतें, त्याचेंच होतें. दारानें त्यास आंत घेतलें. पिशवींतून त्यानें सुटी करून आणलेली बंदूक जोडली आणि बारा माणसें मारलीं. त्याच्या वर्तनांत गडबड असल्याच्या खुणा पूर्वीं ठिकठिकाणीं उमटल्या होत्या; पण त्या एकत्र करून त्याची परवानगी काढून घेण्याचें काम कोणाच्याच हातून झालें नव्हतें. यंत्रानें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर बरोबर आलें. जो प्रश्न विचारावयास हवा होता तो यंत्राच्या अखत्यारींतला नव्हता. म्हणून आम्हांस वाटतें कीं छावणीचा खरा दरवाजा रस्त्यावर नसतोच. तो असतो पत्र देणाऱ्या आणि परत घेणाऱ्याच्या कचेरींत, जेथें एखादा कंटाळलेला कारकून ठेकेदारानें पाठविलेल्या यादीवर सह्या करीत बसलेला असतो.

आपल्याकडील उदाहरण हवें असेल तर दिल्लीचें घ्या. २०२४ च्या जूनांत संसदेच्या आवारांत शिरूं पाहणाऱ्या तीन मजुरांस बनावट आधारपत्रांवरून पकडण्यांत आलें. दोघांच्या पत्रांवर क्रमांक एकच, छायाचित्रें मात्र निराळीं! दारावरील शिपायांस संशय आला म्हणून बिंग फुटलें. आपल्या नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं पहिला आधार क्रमांक दिला गेला, त्यास आतां बरींच वर्षें झालीं. तरी अजून कित्येक दारांशीं हें पत्र केवळ डोळ्यांनीं पाहून परत दिलें जातें. त्यावरील चौकोनी चिन्हांत सरकारी सहीचा जो गुप्त ठसा असतो तो यंत्रानेंच वाचावयाचा असतो. न वाचल्यास छापखान्यांतला कोणताही हुशार पोऱ्या आधारपत्र छापूं शकेल.

ज्यास आंत यावयाचा हक्क नाहीं तो दारानेंच येईल असेंही नाहीं. रायगडच्या हिरकणीची आख्यायिका घरोघरीं सांगतात. सायंकाळीं दरवाजे बंद झाले, पहारेकऱ्यांनीं नियमाप्रमाणें तिला सोडलें नाहीं, आणि तान्ह्या मुलाच्या ओढीनें ती कडा उतरून घरीं गेली. महाराजांनीं तिचें कौतुक केलें, पण त्या जागीं बुरूजही बांधविला, असें ती आख्यायिका सांगते. पठाणकोटच्या वायुदलाच्या तळावर २ जानेवारी २०१६ रोजीं जे हल्लेखोर शिरले त्यांनीं कोणास ओळखपत्र दाखविलें नाहीं. ते तट चढून आले. त्याच वर्षीं २९ नोव्हेंबरास नगरोट्यास आलेले पोलिसांच्या वेषांत होते, आणि २००२ च्या मे महिन्यांत कालूचकला आलेले तर आपल्याच लष्कराच्या वेषांत होते. दाराशीं लाखों रुपयांचें यंत्र बसवून मागील तटाला लागून वाढलेलें झाड तसेंच ठेवणें हा हिशेब आम्हांस समजत नाहीं.

आतां प्रामाणिक माणसाच्या बाजूनें पाहूं. यंत्राची चूक दोन तऱ्हांची असते. खोट्यास खरा म्हणणें ही एक, आणि खऱ्यास खोटा म्हणणें ही दुसरी. पहिली कमी करण्याकरितां यंत्र कडक केलें कीं दुसरी वाढते. समजा, हजार वेळां एकदांच तें खऱ्या माणसास अडवितें. ऐकावयास ही चूक क्षुल्लक वाटते. पण ज्या दारानें रोज दहा हजार माणसें आंत जातात तेथें रोज सकाळीं दहा निरपराध माणसें बाजूस उभीं राहणार. त्यांत साहेब असेल तर फोन होतो. रोजंदारीचा मजूर असेल तर त्याचा दिवस बुडतो. बोटांच्या ठशांचें तर आमच्या पूर्ण्याच्या गोदामांतच पाहावें. ज्यानें वीस वर्षें पोतीं वाहिलीं, दोर ओढले, त्याच्या बोटांवरच्या रेघा झिजून गेलेल्या असतात. बंगालमध्यें जंगीपूर येथें विल्यम हर्शेल यांनीं १८५८ सालीं एका ठेकेदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला, आणि १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांची कचेरी निघून अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांच्या परिश्रमानें त्यांचें वर्गीकरण पक्कें झालें; जगास ही विद्या आपल्या देशांतून मिळाली. परंतु जो जितका अधिक राबेल तितकी त्याची खूण पुसट, हें तिच्यांतील वैगुण्य कष्टकऱ्यांसच भोंवतें. यंत्रानें नाकारलें तर पुढें कोणाकडे जावयाचें, तो माणूस किती वेळांत येणार, आणि त्यास निर्णयाचा अधिकार आहे काय, हें आधीं ठरलें नसेल तर तें दार अपुरें आहे असें आम्ही म्हणतों.

चेहरा ताडण्याच्या यंत्राचा अनुभव महाराष्ट्रांतील पुष्कळ कुटुंबांनीं न कळत लष्करी तळावरच घेतला आहे. पुण्याचा लोहगांवचा विमानतळ मुळांत वायुदलाचा. प्रवाशांची इमारत त्यांत एका बाजूस आहे. तेथें २०२३ च्या मार्चअखेरीपासून ‘डिजियात्रा’ नांवाची सोय झाली. प्रवाशानें आपली ओळख मोबाइलांत ठेवावी, प्रवासापूर्वीं ती विमानतळाकडे पाठवावी, आणि दाराशीं केवळ तिकिटाचें चिन्ह व तोंड दाखवून आंत जावें. पाठविलेली माहिती विमान सुटल्यावर चोवीस तासांत पुसली जाते असें योजनेचे चालक सांगतात. ही सोय ऐच्छिक आहे. नको असेल त्यानें पूर्वींप्रमाणें शिपायास कागद दाखवावा. परंतु या यंत्रानें उघडतें तें प्रवाशांचें दार. वायुदलाच्या अंगाचा पहारा अगदीं निराळा आहे व तो यंत्रावर सोडलेला नाहीं. आमच्या मतें ही वांटणी शहाणपणाची आहे. गर्दीचें, रोजचें, कंटाळवाणें काम यंत्रानें करावें. त्यामुळें मोकळे झालेले शिपायाचे डोळे येणाऱ्याच्या चालण्याकडे, घामाकडे, हातांतल्या पिशवीकडे लागावे. यंत्र आलें म्हणून शिपाई कमी केला तर मात्र दार पूर्वींहून कच्चें झालें असें समजावें.

राहतां राहिली आपल्या घरांतली गोष्ट. एकत्र कुटुंबांत छत्री, पंचा, सायकल यांवर सर्वांचा सारखाच हक्क असतो, आणि त्याच ओघांत दादाचें ओळखपत्र धाकट्यानें एक दिवस वापरलें तर बिघडलें काय, असें सहज बोललें जातें. लष्करी जागेच्या बाबतींत पुष्कळच बिघडतें. १९२३ च्या सरकारी गुपितांच्या कायद्याच्या सहाव्या कलमाखालीं, निषिद्ध जागेंत प्रवेश मिळविण्याकरितां खोटा किंवा फेरफार केलेला परवाना वापरणें हा तर गुन्हा आहेच. पण केवळ आपल्या उपयोगाकरितां मिळालेला सरकारी दस्तऐवज दुसऱ्याच्या ताब्यांत देणें हाही गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. नवी नोकरी लागली कीं हौसेनें पत्र गळ्यांत अडकवून छायाचित्र काढावयाचें व तें सगळ्या गोतावळ्यास मोबाइलवरून पाठवावयाचें, ही चाल आतां सर्वत्र झाली आहे. त्या चित्रांतील रेघांचें चिन्ह वाचणारास घरचें आणि परकें हा भेद नसतो. आधारपत्राची नक्कल कोणाला द्यावी लागल्यास ती कोणत्या कामाकरितां व कोणत्या तारखेस दिली हें तिच्यावर आडवें लिहावें.

नोकरी सुटल्यावर जुनें पत्र आठवण म्हणून फडताळांत ठेवण्याची संवय पुष्कळ घरांतून आम्हीं पाहिली आहे. ठेकेदार मागत नाहीं, म्हणून मुलगा देत नाहीं, आणि वर सांगितलेल्या कचेरींतली खूण बदलावयाची तशीच राहते. शेवटच्या पगाराच्या दिवशींच तें पत्र हातानें नेऊन परत करावें व त्याची पोंच मागून घ्यावी. पोंच फडताळांत ठेवण्यास हरकत नाहीं.